नोकरीची इंग्रजी: नावं तोंडपाठ, मग गाडी क्रियापदावर का अडते?

उद्यमबागकर

मंडळी, नमस्कार. बरेच दिवस डोक्यात घोळत असलेला विषय मांडतो. जरा लांब होईल, पण वाचा आणि आपापल्या धंद्यातली भर घाला.

आमच्या कारखान्यात सीएनसी (संगणकावर चालणाऱ्या मशीनच्या) लाइनसाठी मुलं घेताना मुलाखतीला मलाही बसवतात. येणारी मुलं आपल्याच बेळगाव भागातली असतात. येळ्ळूर, कडोली, उचगाव, नंदगड, अधूनमधून चिकोडी-निपाणीकडची. मराठी शाळेतून एसएसएलसी, मग आयटीआय नाहीतर डिप्लोमा. कामावर हात बसलेला असतो, मायक्रोमीटर कसा धरतात तेवढ्यावरूनच कळतं. पण समोरचा साहेब चेन्नईचा नाहीतर हैदराबादचा असला की प्रश्न इंग्रजीत येतो, "व्हॉट डू यू डू इन युवर प्रेझेंट कंपनी?" आणि मुलगा गप्प होतो. साहेबाला वाटतं याला काम येत नाही. मला दिसत असतं की काम येतंय, सांगता येत नाही. याचं मला मनापासून वाईट वाटतं.

लोक म्हणतात मुलांचा शब्दसंग्रह कमी पडतो. मला ते पटत नाही. त्याच मुलाला मराठीत विचारलं की तो काय म्हणतो बघा: "मशीनचं सेटिंग करतो, ऑफसेट टाकतो, इन्सर्ट झिजला की बदलतो, फर्स्ट पीस चेक करून क्यूसीला दाखवतो, रिजेक्शन निघालं की सुपरवायझरला कळवतो."

(ऑफसेट म्हणजे मशीनला दिलेली हत्याराच्या मापाची दुरुस्ती, इन्सर्ट म्हणजे धातू कापणारं बदलतं पातं, क्यूसी म्हणजे माल तपासणारा विभाग.) यात इंग्रजी शब्द मोजा. सेटिंग, ऑफसेट, इन्सर्ट, फर्स्ट पीस, चेक, क्यूसी, रिजेक्शन, सुपरवायझर. सगळा माल इंग्रजी आहे. मराठी काय आहे? करतो, टाकतो, झिजला, बदलतो, दाखवतो, निघालं, कळवतो. म्हणजे वस्तूंची नावं आपण इंग्रजीतून घेतली आणि वाक्य चालवायचं काम मराठी क्रियापदांवर ठेवलं. गावात, कारखान्यात त्यानं काही अडत नाही. मुलाखतीत मात्र मराठी क्रियापदं काढून घेतली जातात आणि हातात नुसती नावं उरतात. मग "सर, सेटिंग... ऑफसेट... क्यूसी..." असं तुटक बोलणं होतं, नाहीतर प्रत्येक ठिकाणी "आय अ‍ॅम डूइंग सेटिंग, आय अ‍ॅम डूइंग चेकिंग" अशी 'करतो'ची भरती होते.

यावर मी मुलांना एकच सांगतो. 'चेकिंग करतो' मधला 'करतो' टाकून द्या, 'चेकिंग' मधला 'इंग' टाकून द्या, उरतं ते क्रियापद. आय चेक. सेटिंग करतो, आय सेट द मशीन. लोडिंग करतो, आय लोड द पार्ट. जे रोज करता ते साध्या वर्तमानकाळात सांगा, 'अ‍ॅम' आणि 'इंग' लागतच नाही. वरचं अख्खं उत्तर असं होतं:

"आय सेट द मशीन अँड एंटर द टूल ऑफसेट्स. आय चेंज द इन्सर्ट व्हेन इट वेअर्स आउट. आय चेक द फर्स्ट पीस अँड शो इट टू क्वालिटी. इफ अ पार्ट इज रिजेक्टेड, आय इन्फॉर्म माय सुपरवायझर."

लहान लहान वाक्यं आहेत, पण यातून साहेबाला कळतं की हा नुसता बटण दाबणारा ऑपरेटर नाही, मशीन कामासाठी लावून देणारा सेटर आहे. ऑपरेटर आणि सेटर यांच्या पगारात किती फरक पडतो ते या लाइनीतल्यांना सांगायला नको.

आपापल्या कामातली अशी वाक्यं इथे लिहा. फाउंड्री, दवाखाना, गारमेंट, ऑफिस, काहीही चालेल.

कागल_सेकंड_शिफ्ट

दादा, तुम्ही माझंच लिवलंय असं वाटलं. मी निपाणीचा, कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत कामाला जातोय. आमच्यात फ्लोअरवर मराठीच चालतंय, म्हणून कधी अडलं न्हाई. आता पुण्याला चाकणकडं एका ठिकाणी अर्ज केलाय. फोनवर बाई इंग्रजीत बोलाय लागल्या आणि मी नुसतं "येस मॅडम, येस मॅडम" करत बसलो.

माझं असं हाय बघा: पाच वर्षांपासून व्हीएमसीवर (उभ्या सीएनसी मशीनवर) काम करतोय. माझ्याकडं तीन मशिनी हायत. हे इंग्रजीत कसं सांगायचं? मी म्हणालो, "आय अ‍ॅम वर्किंग सिन्स फाइव्ह इयर्स, थ्री मशीन्स आर विथ मी."

खानापूरचे_मास्तर

बाळ, तुझं वाक्य चुकलं ते तू मराठी नीट बोलतोस म्हणून. मी अनेक वर्षं मराठी शाळेत इंग्रजी शिकवलं, या दोन्ही जागा मला घरच्यासारख्या ओळखीच्या आहेत.

आपण 'पासून' हा एकच प्रत्यय दोन्हीकडे लावतो. २०१९ पासून आणि पाच वर्षांपासून. इंग्रजी तिथे वाट वेगळी करते. कधी सुरू केलं ते सांगायचं असेल तर 'सिन्स': सिन्स २०१९. किती काळ झाला ते सांगायचं असेल तर 'फॉर': फॉर फाइव्ह इयर्स. दुसरं म्हणजे, काम अजून चालू आहे म्हणून आपण 'करतोय' म्हणतो, साधा चालू काळ. इंग्रजीला मात्र मागून सुरू होऊन आजवर आलेलं काम दाखवायला वेगळी रचना लागते. म्हणून, "आय हॅव बीन वर्किंग ऑन व्हीएमसी मशीन्स फॉर फाइव्ह इयर्स." हे एक वाक्य पाठच करून टाक. प्रत्येक मुलाखतीत लागणार म्हणजे लागणारच.

आता 'माझ्याकडे'. मराठीत गाय, मूल, जबाबदारी, मशीन सगळं 'माझ्याकडे' असतं. इंग्रजीत काय म्हणायचंय त्यावर क्रियापद ठरतं. मशीन तू चालवतोस, तर "आय रन थ्री मशीन्स." तुझ्या हाताखाली माणसं असतील तर "आय अ‍ॅम इन चार्ज ऑफ फोर हेल्पर्स." एखादी गोष्ट बिघडली तर जाब तुला विचारतात, अशी असेल तर "आय अ‍ॅम रिस्पॉन्सिबल फॉर टूल चेंज." आणि तू कुणाला जाब देतोस ते, "आय रिपोर्ट टू द शिफ्ट इन-चार्ज."

'वर्क' मागच्या शब्दांकडेही लक्ष द्या. कंपनीचं नाव आलं की 'वर्क फॉर'. हुद्दा आला की 'वर्क अ‍ॅज': आय वर्क अ‍ॅज अ मशीन सेटर. विभाग आला की 'वर्क इन': इन द मोल्डिंग सेक्शन. हातातलं काम किंवा मशीन असेल तर 'वर्क ऑन'. ही चार जोड्या म्हणून शिकावीत, सुटा 'वर्क' शिकून उपयोग नाही. आणि 'आय हॅव मेनी वर्क्स' कधीच नाही. काम या अर्थी 'वर्क'चं अनेकवचन होत नाही, 'वर्क्स' म्हटलं की ऐकणाऱ्याला कारखाना आठवतो. कामं पुष्कळ असतील तर "आय हॅव अ लॉट ऑफ वर्क."

नोकरीविषयीच्या शब्दांची यादी देऊन दोनशे शब्द पाठ करून घेणारे क्लास मी पाहिलेत. एम्प्लॉयर, एम्प्लॉयी, एम्प्लॉयमेंट, अनएम्प्लॉयमेंट अशा रांगा. मुलं परीक्षेत लिहितात आणि बाहेर पडल्यावर विसरतात, कारण त्या शब्दाला शेजारी कुणी दिलेलाच नसतो.

पुण्यातली_निपाणीकर

मी पुण्यात भरतीचंच काम करते, माहेर निपाणीचं. टेबलाच्या दुसऱ्या बाजूनं काय दिसतं ते सांगते.

पहिली अडचण बोलायच्याही आधी, बायोडाटावर येते. आपल्याकडे एसएसएलसी आणि पीयूसी लिहितात. महाराष्ट्रातल्या नवीन एचआरच्या मुलीला एसएससी, एचएससी माहीत असतं. ती गोंधळते आणि पुढचा कागद उचलते. म्हणून शेजारी 'क्लास टेन', 'क्लास ट्वेल्व्ह' लिहाच.

दुसरं, गावाचं नाव. १ नोव्हेंबर २०१४ ला शहराचं अधिकृत इंग्रजी नाव बदललं, बेलगामचं बेळगावी झालं. जुन्या मार्कशीटवर, आयटीआयच्या दाखल्यावर एक नाव, आधारवर दुसरं. कागदपत्रं तपासणाऱ्या संस्था बाहेरच्या असतात, त्यांना हे एकच गाव आहे हे ठाऊक नसतं, शंका काढून फाइल परत येते. पत्त्यात एकदा "बेळगावी, फॉर्मर्ली बेलगाम" असं लिहिलं की प्रश्न मिटतो.

आता बोलण्याबद्दल. सगळ्यात जास्त मुलं अडखळतात ती "व्हाय डिड यू लीव्ह युवर लास्ट जॉब?" या प्रश्नाला. आपल्याकडे 'कामावरून काढलं' यात सगळं येतं. मुलगा प्रामाणिकपणे म्हणतो, "दे रिमूव्ह्ड मी," आणि ऐकणाऱ्याला वाटतं यानं काहीतरी केलं असणार. इंग्रजीत हे प्रकार वेगळे आहेत आणि फरक पोटाचा आहे:

स्वतः सोडली तर "आय रिझाइन्ड."
मुदतीचं कंत्राट संपलं तर "माय कॉन्ट्रॅक्ट एंडेड."
तुमच्या चुकीमुळे काढलं तर तो 'फायर्ड', ब्रिटिश बोलीत 'सॅक्ड'.
कंपनीकडे कामच उरलं नाही म्हणून गेली तर अमेरिकन माणूस 'लेड ऑफ' म्हणतो, ब्रिटिश माणूस 'मेड रिडंडंट'.

इथे एक खाचखळगा आहे. आपल्या देशातल्या कायद्याच्या भाषेत 'ले-ऑफ' म्हणजे कायमची गच्छंती नव्हे. कच्चा माल नाही, वीज नाही, ऑर्डर नाही म्हणून मालक काही दिवस काम देऊ शकत नाही, पण नाव मस्टरवर राहतं, तो ले-ऑफ. वर्षभराची सलग नोकरी वगैरे अटी बसत असतील तर त्या दिवसांचा मूळ पगार आणि महागाई भत्ता यांच्या निम्मी भरपाई मिळते. कायमचं कमी करणं म्हणजे 'रिट्रेंचमेंट', त्याची नोटीस आणि भरपाई वेगळी. त्यामुळे कंपनीनं नोटीस बोर्डावर 'ले-ऑफ' लावलं तर घाबरून राजीनामा लिहून देऊ नका. राजीनामा दिला की तुमच्या बाजूनं ते 'रिझाइन्ड' झालं.

मुलाखतीत उत्तर साधं आणि खरं ठेवा. "द ऑर्डर्स वेंट डाउन अँड द थर्ड शिफ्ट वॉज क्लोज्ड." एवढं बास. कंपनीला शिव्या नकोत, लांबण नको.

'पास्ड आउट इन २०२१' हे आपल्या देशात सगळे समजतात, चालू द्या. परदेशी ग्राहकाशी बोलायची वेळ आली तर मात्र 'आय फिनिश्ड माय डिप्लोमा' म्हणा, तिकडे 'पास आउट' म्हणजे चक्कर येऊन पडणं.

हिंडलगा_नाका

चर्चा चांगली आहे, पण एक बोलतो. आपण राहतो कर्नाटकात. मुलाला इथेच स्थिर व्हायचं असेल तर इंग्रजीच्या आधी कन्नड नको का? कर्नाटक लोकसेवा आयोगाच्या परीक्षांना कन्नडचा पेपर उत्तीर्ण व्हावाच लागतो. कारखान्यातही गोकाक, बैलहोंगलची पोरं शेजारच्या मशीनवर असतात. कामगार कार्यालयात गेलात तर फॉर्म कन्नडमध्ये. इंग्रजी-इंग्रजी करताना हे विसरू नये.

उद्यमबागकर

@हिंडलगा_नाका, तुमचं म्हणणं मान्य आहे. बोलण्यापुरतं कन्नड आपल्या मुलांना येतं, शेजारच्या मशीनवाल्याकडून ते आपोआप येतं. पगार हा शब्दसुद्धा दोघंही एकच वापरतात. वाचता-लिहिता येत नाही तिथे खरी अडचण आहे, आणि सरकारी नोकरीचा विचार असेल तर लिपी शिकायलाच हवी. पण ऑफर लेटर, पे-स्लिप, ड्रॉइंग, ग्राहकाचा ऑडिट रिपोर्ट हे सगळं कन्नड मुलालाही इंग्रजीतच येतं. त्याचीही हीच अडचण आहे, तोही 'चेकिंग माडतीनि' म्हणतो आणि तिथेच अडकतो. म्हणून हा धागा त्याच्याही उपयोगाचा आहे.

नंदगडची_लेक

मी बीएससी नर्सिंग करून बेळगावात एका मोठ्या दवाखान्यात आहे. आमच्याकडच्या बऱ्याच मुली आखातात, काही इंग्लंड-आयर्लंडला जायच्या तयारीत असतात. त्यासाठी ओईटी नावाची परीक्षा देतात, आरोग्य क्षेत्रातल्या लोकांसाठीच असलेली. ऐकणं, वाचणं, लिहिणं, बोलणं असे चार भाग. लिहिण्यात रुग्णाच्या नोंदी देतात आणि त्यावरून दुसऱ्या डॉक्टरला किंवा नर्सला पत्र लिहायला लावतात.

उद्यमबागकर दादांचा मुद्दा आमच्याकडे जसाच्या तसा लागू होतो. वॉर्डात आम्ही म्हणतो, "बीपी बघितलं, सलाइन लावलं, इंजेक्शन दिलं, डॉक्टरला इन्फॉर्म केलं, हँडओव्हर दिला." इंग्रजीत: "आय चेक्ड हिज ब्लड प्रेशर. आय स्टार्टेड अ‍ॅन आयव्ही ड्रिप. आय गेव्ह द इंजेक्शन अ‍ॅट टेन. आय इन्फॉर्म्ड द डॉक्टर. आय हँडेड ओव्हर टू द नाइट नर्स." झालेल्या कामाला भूतकाळ, आणि वेळ सांगायचीच.

आणखी एक, जे ऐकून तिकडचे लोक खरंच गोंधळतात. 'पेशंट एक्स्पायर झाला' असं आपण हळुवारपणे म्हणतो. तिकडे औषध एक्स्पायर होतं, माणूस नाही. नातेवाइकांशी बोलताना 'पास्ड अवे', नोंदीत 'डाइड'. 'लूज मोशन'ला 'डायरिया'. ही आपल्या दवाखान्यातली रोजची भाषा आहे, म्हणून तोंडातून सहज निघते.

वडगाव_विणकर_गल्ली

मंडळी, एक विचारतो, सांगा की वो. पुतण्याला ऑफर लेटर आलंय. दोन लाख तीस हजारचं पॅकेज म्हणून घरात सगळे खूश. बारानं भागलं तर महिना एकोणीस हजाराच्या वर येतात. पण आधीच लागलेला त्याचा दोस्त सांगतो हातात पंधरा-साडेपंधराच येतात. कंपनी फसवते की काय? त्या कागदावरचं आम्हाला काय समजेना झालंय.

हिशेब_तपासनीस

काका, घाबरू नका. आकडे मांडून दाखवतो, तुमच्या पुतण्याच्या कागदाशी ताडून बघा. समजा मासिक रचना अशी आहे:

बेसिक १०,०००
एचआरए (घरभाडं भत्ता) ४,०००
इतर भत्ते ३,०००
ग्रॉस १७,०००

यातून पीएफ कापला जातो, बेसिकच्या १२ टक्के धरले तर १,२०० रुपये. ईएसआय, म्हणजे कामगार विमा, कामगाराच्या वाट्याचा ०.७५ टक्का, म्हणजे १७,००० वर १२८ रुपये. उरले १५,६७२. यालाच नेट पे किंवा टेक-होम म्हणतात, आपल्या बोलीत 'इन हँड'.

मग २,३०,००० कुठून आले? पॅकेज म्हणजे सीटीसी, कॉस्ट टू कंपनी. तुमच्यामागे मालकाचा जो एकूण खर्च होतो तो. त्यात ग्रॉस १७,००० आहेतच. शिवाय मालकाचा पीएफचा वाटा १,२००, मालकाचा ईएसआय ३.२५ टक्के म्हणजे ५५३, आणि ग्रॅच्युइटीची तरतूद बेसिकच्या ४.८१ टक्के म्हणजे ४८१. बेरीज १९,२३४. गुणिले बारा, २,३०,८०८. किरकोळ प्रशासकीय शुल्क यात धरलेलं नाही.

म्हणजे फसवणूक नाही, पण आकडा कुठला सांगितला आणि कुठला ऐकला यात महिन्याला साडेतीन हजारांचा फरक पडला. मुलाखतीत "व्हॉट इज युवर एक्स्पेक्टेशन?" विचारलं की मुलं मनात इन हँड धरून सीटीसीचा आकडा बोलतात. तिथेच उलट विचारायचं, "इज दॅट ग्रॉस ऑर सीटीसी?" आणि पुढे, "व्हॉट विल बी माय टेक-होम पे?" यात उद्धटपणा काहीच नाही. विचारणाऱ्याला उलट वाटतं की मुलाला समज आहे.

पीएफचे दोन्ही वाटे तुमचेच आहेत. मालकाच्या १२ टक्क्यांतले ८.३३ टक्के पेन्शन योजनेत जातात, बाकीचा तुमच्या खात्यात. यूएएन हा पीएफचा १२ अंकी क्रमांक नोकरी बदलली तरी तोच राहतो. नव्या ठिकाणी नवीन काढून घेऊ नका, जुनाच द्या. ईएसआय मासिक वेतन २१,००० पर्यंत असलेल्यांना लागू होतो, त्यावर घरच्यांचाही उपचार होतो. ते १२८ रुपये जाताना वाईट वाटून घेऊ नका.

सीमाभागातल्या माणसासाठी एक खास गोष्ट. व्यवसाय कर म्हणजे प्रोफेशनल टॅक्स, तो तुम्ही राहता कुठे यावर नाही, काम कुठे करता यावर कापतात. १७,००० पगार असलेल्या मुलाला बेळगावच्या उद्यमबागेत तो लागत नाही, कारण कर्नाटकात तो मासिक २५,००० पासून सुरू होतो. तोच मुलगा हद्दीपलीकडे शिनोळीला किंवा कागलला गेला तर महाराष्ट्राच्या नियमानं महिन्याला २००, फेब्रुवारीत ३००, वर्षाला २,५०० कापले जातात. महिलांना महाराष्ट्रात २५,००० पर्यंत सूट आहे. पे-स्लिपवर 'पीटी' असं दोन अक्षरांत असतं, त्याचा अर्थ हा.

वडगाव_विणकर_गल्ली

आकडे जवळजवळ तसेच आहेत त्याच्या कागदावर. लई उपकार झाले. अजून एक, त्यात 'ट्रेनी' लिहिलंय. त्याचं काय?

पुण्यातली_निपाणीकर

काका, मघाशी मी सांगायला हवं होतं ते हेच. ऑफर लेटरच्या पहिल्या चार ओळींत एक शब्द असतो, त्यावर सगळं अवलंबून असतं.

'अ‍ॅप्रेंटिस' असेल तर तो १९६१ च्या अ‍ॅप्रेंटिस कायद्याखाली येतो. त्याला 'वेज' मिळत नाही, 'स्टायपेंड' मिळतो, आणि कायदा त्याला शिकाऊ मानतो, कामगार मानत नाही. मुदत संपल्यावर नोकरी द्यायचं बंधन मालकावर सहसा नसतं. पण शेवटी मिळणारं प्रमाणपत्र मोलाचं असतं, ते सोडू नये. 'ट्रेनी' शब्द ढिला आहे. कंपनी त्याखाली काहीही बसवू शकते. म्हणून विचारायचं, "आफ्टर ट्रेनिंग, विल आय बी कन्फर्म्ड?" आणि "इज पीएफ डिडक्टेड ड्यूरिंग ट्रेनिंग?" तुमच्या पुतण्याच्या कागदावर पीएफ दिसतोय, ही चांगली खूण आहे. 'प्रोबेशन' म्हणजे नोकरी लागली, पण पारखायची मुदत चालू आहे. 'फिक्स्ड टर्म' म्हणजे शेवटची तारीख आधीच लिहिलेली. आणि पत्रावर वर कंत्राटदाराचं नाव असेल, कारखान्याचं नसेल, तर पगार देणारा मालक तो कंत्राटदार. तक्रार, पीएफ, अनुभवाचा दाखला सगळं त्याच्याकडून घ्यायचं.

'नोटीस पिरियड' ची ओळ बघा. महिना असेल तर महिनाभर आधी लेखी सांगावं लागतं. नव्या ठिकाणी विचारतात, "व्हेन कॅन यू जॉइन?" तेव्हा उत्साहात 'टुमॉरो' म्हणू नका. "आय हॅव टू सर्व्ह वन मंथ्स नोटीस." नोटीस न देता निघालेल्या मुलांना रिलीव्हिंग लेटर, म्हणजे कंपनीनं मोकळं केल्याचं पत्र, सहसा मिळत नाही, आणि ते नसलं की पुढची कंपनी दार लावून घेते.

कागल_सेकंड_शिफ्ट

मी सगळं वाचून उत्तर लिवलंय. गुरुवारी मुलाखत हाय. बघा बरं.

"गुड मॉर्निंग. आय अ‍ॅम फ्रॉम निपाणी. आय फिनिश्ड माय आयटीआय इन मशीनिस्ट ट्रेड. आय हॅव बीन वर्किंग इन अ कंपनी अ‍ॅट कागल फॉर फाइव्ह इयर्स. आय वर्क अ‍ॅज अ व्हीएमसी सेटर. आय रन थ्री मशीन्स. आय क्लॅम्प द जॉब, सेट द झिरो, एंटर द ऑफसेट्स अँड चेक द फर्स्ट पीस. आय रिपोर्ट टू द शिफ्ट इन-चार्ज. माय नोटीस पिरियड इज वन मंथ."

खानापूरचे_मास्तर

एकही जागा चुकलेली नाही. 'मशीनिस्ट ट्रेड'च्या आधी 'द' घाल म्हणजे आणखी सफाई येईल. आरशासमोर म्हणू नकोस, घरातल्या कुणाला तरी प्रश्न विचारायला बसव. त्यांना इंग्रजी येत नसलं तरी चालेल, त्यांनी कागदावरचे प्रश्न उलटसुलट विचारायचे. खरी मुलाखत ओळीनं होत नाही.

उद्यमबागकर

झकास उतरलंय. एक बदल सुचवतो. आपल्याकडे मशीनवर लावतो त्या तुकड्याला 'जॉब' म्हणतात आणि इथला कुठलाही इंजिनिअर ते समजतो. पण चाकणला परदेशी कंपन्या पुष्कळ, समोर तिकडचा माणूस बसलेला असू शकतो. त्याच्या कानाला 'जॉब' म्हणजे नोकरी. 'आय क्लॅम्प द वर्कपीस' म्हण, नाहीतर नुसतं 'पार्ट' म्हण, दोन्ही चालतं.

आणि ते हमखास विचारतील, "व्हॉट डू यू डू इफ द साइज गोज आउट?" त्याचं उत्तर आत्ताच तयार ठेव. तू रोज करतोस तेच आहे: "आय स्टॉप द मशीन, चेक द टूल, करेक्ट द ऑफसेट अँड मेझर द नेक्स्ट पीस. आय कीप द बॅड पार्ट्स सेपरेट अँड टेल क्वालिटी." खराब पीस वेगळे ठेवतो हे वाक्य विसरू नकोस. माल तपासणाऱ्या माणसाला तेच ऐकायचं असतं.

गारमेंट आणि फाउंड्रीवाल्यांची वाक्यं अजून आलेली नाहीत. कोअर शॉप, मोल्डिंग, फेटलिंगमधल्यांनी लिहा, मराठीत लिहिलं तरी चालेल, इंग्रजी आपण सगळे मिळून करू.